अजून 'अ'च चालू आहे

पुण्यात रिक्षात बसून नुसतं "डेक्कन कॉलेज" म्हणून बघा. रिक्षावाला मान हलवणार, मीटर टाकणार आणि तुम्हाला थेट डेक्कन जिमखान्यावर आणून सोडणार, कारण पुणेकरांच्या डोक्यात डेक्कन एकच. मग आपण म्हणायचं, अहो तिकडचं नाही, येरवड्याचं. येरवडा म्हटलं की तो आरशातून आपल्याकडे एकदा नीट बघून घेतो. येरवड्यात जेल आहे आणि मनोरुग्णांचं हॉस्पिटल आहे, तिसरं काही असू शकतं हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. मलाही नव्हतं, खोटं कशाला बोलू. चौदा वर्षं मी कल्याणीनगरला नोकरी करतोय, त्या कॅम्पसच्या बाजूने रोज जातोय येतोय, झाडीतून कधी कधी एक दगडी मनोरा दिसायचा आणि मी सिग्नल कधी सुटतो ते बघत बसायचो.

आत जायची वेळ आली ती भाचीमुळे. तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष, मायक्रोबायोलॉजी, मार्कं उत्तम, आणि एक दिवस जेवताना हिनं जाहीर केलं की मला एमए करायचंय, आर्किऑलॉजीत. ताईच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन, "तुझ्या ऑफिसजवळच आहे ना रे ते कॉलेज, जा तिच्याबरोबर बघायला, आणि जरा समजाव." आमच्या घरात 'समजाव'चा अर्थ एकच होतो. मी म्हटलं बघतो. आणि गेलो खरा, पण समजवायचं राहूनच गेलं, त्याची ही गोष्ट.

आधी विचारून, वेळ घेऊन गेलो होतो. गेटातून आत शिरलं की रस्त्याचा आवाज दहा-वीस पावलांत मागे पडतो आणि मग ती मुख्य इमारत समोर येते, काळ्या दगडाची, गॉथिक पद्धतीची, टोकदार कमानी, लांबच लांब व्हरांडे. १८६४ मध्ये पायाभरणी झाली, तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते, आणि १८६८ मध्ये कॉलेज इथे राहायला आलं. जमशेटजी जिजीभाईंच्या नावची एक लाख रुपयांची देणगी होती बांधकामाला. एक लाख, त्या काळातले! (पलीकडच्या बंडगार्डनमधला 'बंड' म्हणजे नदीवरचा बंधारा, तोही जमशेटजींच्याच पैशातून झालेला. पुण्यात पारशी पैसा किती ठिकाणी मुरलाय याचा कुणीतरी एकदा हिशोब मांडायला पाहिजे.)

पण कॉलेज इमारतीपेक्षा बरंच जुनं आहे आणि त्याची सुरुवात मला फार गमतीची वाटते. पेशवाईत श्रावणात दक्षिणा वाटायची पद्धत होती, तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली, पुढे ती पेशव्यांनी उचलली आणि मग देशभरातून शास्त्री-पंडित पुण्याला यायला लागले, पर्वतीच्या रमण्यात गर्दी व्हायची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आता ह्या दक्षिणेचं करायचं काय हा प्रश्न इंग्रजांपुढे आला, एकदम बंद केली तर लोक बिथरणार, चालू ठेवायची तर सरकारी हिशोबात कशी बसवायची. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन मोठा धोरणी माणूस, त्याच्या विचारानं त्यातला काही पैसा पाठशाळेकडे वळवला गेला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबागवाड्यात 'हिंदू कॉलेज' सुरू झालं. दुसऱ्या बाजीरावानं हौसेनं बांधलेला वाडा, तिथे तीन वर्षांत इंग्रजी अमलातलं कॉलेज! १८५१ मध्ये ते इंग्रजी शाळेशी जोडून पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. पुढे ह्याच दक्षिणेतून 'दक्षिणा फेलो' नेमले जायला लागले, रा. गो. भांडारकर त्यातलेच. म्हणजे श्रावणातली ओंजळभर नाणी फिरत फिरत पुढे एका संशोधकाचा पगार झाली.

भाचीला यात काडीचा रस नव्हता. तिला हाडं बघायची होती.

तरी म्युझियमच्या आधी आम्ही एक खोली शोधली, कारण मला ती बघायची होती. लोकमान्य टिळकांची हॉस्टेलची खोली अजून जपून ठेवलीय. टिळक इथूनच १८७६ मध्ये बीए झाले, गणित घेऊन, पहिल्या वर्गात. त्यांना गणित शिकवायला केरूनाना छत्रे, आणि केरूनानांचा हा लाडका विद्यार्थी पहिलं वर्ष मात्र अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमवत बसला होता, कुस्ती, पोहणं, भरपूर खाणं. शाळेत असताना आम्हाला ही गोष्ट 'शरीर कमवा' म्हणून सांगायचे, वर्ष वाया गेलं हा भाग हळू आवाजात. खोली अगदी साधी. मी उगीचच भिंतीला हात लावून बघितला.

आगरकरही इथलेच. टेंभूचा गरीब मुलगा, कऱ्हाड, अकोला असं करत करत इथं पोचलेला, अंगात एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा असं सांगतात. एमएच्या वेळी आईला त्यांनी कळवलं की तुझा मुलगा मोठा शिकला, आता मोठा पगार आणेल ह्या आशेवर राहू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. ते पत्र मराठी माणसानं शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं आणि मार्क मिळवून सोडून दिलेलं असतं. त्या दिवशी मला ते वेगळ्याच कारणानं आठवलं, शेजारी माझी भाची उभी होती आणि मी तिला पगाराबद्दल 'समजवायला' आलो होतो.

टिळक आणि आगरकर इथं भेटले, मागच्या टेकडीवर फिरत तासन्‌तास बोलत बसायचे, राष्ट्र आधी की समाज आधी. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यांच्या आधीचे, तेही ह्याच कॉलेजचे. आणि मग ह्या सगळ्यांनी काय केलं, तर १८८० मध्ये गावात न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि चिपळूणकर गेल्यावर बाकीच्यांनी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. फर्ग्युसनचे पहिले प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे, संस्कृत-इंग्रजी कोशवाले, तेही डेक्कनचेच विद्यार्थी. म्हणजे डेक्कन कॉलेजच्या पोरांनीच डेक्कन कॉलेजला तोलामोलाचा स्पर्धक उभा केला, तोही गावाला जवळ. कोण कशाला येरवड्याला येतंय मग!

सेनापती बापट, गुरुदेव रानडे, आणखी कितीतरी नावं आहेत, पण माझं मन अडकतं ते राजवाड्यांपाशी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, हेही इथलेच बीए. ह्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची, देवघरातली, वाण्याच्या रद्दीत जायच्या बेतात असलेली जुनी दप्तरं मिळवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' असे बावीस खंड छापले. अत्यंत भांडखोर माणूस, कुणाशी पटायचं नाही. पण चिठोऱ्याचासुद्धा मान ठेवायचा हे त्यांना कळत होतं. बाकीचे थोर विद्यार्थी ह्या इमारतीतून बाहेर पडले आणि गाजले. राजवाडेही बाहेर पडले, पण पुढे ह्या जागेला जो स्वभाव येणार होता तो ह्या माणसानं आधीच अंगात घेतला होता असं मला वाटतं. सांगतो.

१९३४ मध्ये सरकारनं हे कॉलेज बंदच करून टाकलं. खर्च परवडत नाही. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, देणगी कॉलेजसाठी दिलेली आहे, तुम्हाला असं गुंडाळता येणार नाही म्हणून कोर्टात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ ला कॉलेज परत उघडलं. पण उघडलं ते वेगळंच होऊन. बीए-बिए बंद, फक्त पदव्युत्तर आणि संशोधन. आर्किऑलॉजी, भाषाशास्त्र, संस्कृत, मराठ्यांचा इतिहास, समाजशास्त्र. भाषणं करणाऱ्या पोरांची जागा चष्मा लावून खाली बघणाऱ्या माणसांनी घेतली. पहिल्याच तुकडीत नावं बघा, भाषाशास्त्राला सु. मं. कत्रे, आर्किऑलॉजीला हसमुख सांकलिया, समाजशास्त्राला इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यं. शं. शेजवलकर. एवढी माणसं एका व्हरांड्यात!

तर म्युझियम. एक पीएचडी करणारी मुलगी आमच्याबरोबर आली होती, माझ्या भाचीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. सुरुवात दगडांनी होते. हातकुऱ्हाडी, तासण्या, छिलके. मला सगळे दगड सारखेच दिसत होते आणि मी तसं म्हणालो, तर तिनं एक दाखवला आणि म्हणाली ही कडा बघा, इथून ठोकलाय, मग उलटा करून इथून ठोकलाय, दगड आपोआप असा फुटत नाही. एकदा दिसलं की मग न दिसणं अवघड होतं. नेवाशाला प्रवरेच्या काठी, नाशिकजवळ गंगापूरला असली हत्यारं सांकलियांना मिळाली, तोपर्यंत महाराष्ट्रात आदिमानव फारसा नव्हताच असं धरून चालायचे लोक. जुन्नरकडे कुकडी नदीच्या काठी बोरी म्हणून गाव आहे, तिथे हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख सापडली, आणि ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबाच्या साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या स्फोटाची यावर तज्ज्ञ लोक वर्षानुवर्षं भांडलेत. सुमात्रातली राख जुन्नरला! आम्ही ट्रेकला जाताना त्या बाजूला थांबून मिसळ खातो.

पण खरा थांबलो ते इनामगावपाशी. आमच्या आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं, इनामगावपासून फार लांब नाही. आई लहान असताना तिकडे चर्चा असायची की पुण्याच्या कॉलेजातले शिकलेले लोक तंबू ठोकून राहिलेत आणि दिवसभर फुटकी मडकी वेचतात. १९६८ ते १९८३, असे वर्षामागून वर्ष हंगाम चालले तिथे, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांचे विद्यार्थी. गावातल्या माणसाला कळेनाच की चांगली जमीन खणून ही माणसं त्यात काही पेरत का नाहीत.

आता ह्यात एक शब्द येतो तो मला लहानपणापासून माहीत होता पण त्याचा अर्थ तिथे उभं राहून कळला. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. माणसं जिथे शेकडो वर्षं राहतात, चुली पेटवतात, राख टाकतात, मातीच्या भिंती बांधतात-पाडतात, तिथली माती पांढरट होते. आजी धाब्याच्या घरावर टाकायला जुन्या टेकाडाची पांढरी माती आणायला लावायची, पाणी धरत नाही म्हणून. त्यात खापरं निघायची, मण्यासारखं काहीतरी निघायचं, आजी ते वेचून कडेला टाकायची. आर्किऑलॉजीवाले गावात गेले की पहिला प्रश्न तोच विचारतात म्हणे, "इथे जुनी पांढर कुठंय?" साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती शोधायला त्यांना आजीचाच शब्द लागतो.

इनामगावला साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंत माणसं राहत होती. शंभरावर घरं सापडलीत. सुरुवातीला मोठी चौकोनी घरं, जव पिकायचा, पाणी वळवून आणायला पाट खणलेला. जोर्वे पद्धतीची भांडी, हे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून आलं, लाल रंगावर काळी नक्षी, लांब तोटीचं भांडं, आणि इतकं पक्कं भाजलेलं की टिचकी मारली तर खणकन वाजतं. मग इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे बहुतेक पाऊस हटायला लागला, शेती खालावली, मोठी घरं गेली आणि लहान लहान गोल झोपड्या आल्या. नकाशावर ते शेजारी शेजारी काढलेलं बघताना पोटात काहीतरी होतं. शिरूर तालुक्याला पाऊस हुलकावणी देतो हे आम्हाला कुणी सांगायला नको.

आणि पुरलेली माणसं. लहान मूल गेलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावायची, आत मूल, आणि घराच्या जमिनीखालीच खड्ड्यात आडवी ठेवायची. घराबाहेर नाही न्यायचं. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून पुरायचे, परत चालत जाऊ नये म्हणून असेल, किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून, काय असेल ते असेल. एकच गृहस्थ वेगळे, साधारण चाळिशीचे, चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात उकिडवे बसवलेले, रांजणाचं पोटही माणसाच्या पोटासारखं फुगीर. त्यांचे पाय शाबूत. गावचे प्रमुख असावेत असं मानतात. भाची काचेला नाक लावून उभी होती. मी म्हणालो बघ, पाटलाला नियम नाहीत, तेव्हाही. ती पीएचडीवाली हसली, भाचीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एका मातीच्या डबीत देवी निघालीय, कच्च्या मातीची, झाकणावर दुसरी एक मूर्ती आणि एक बैल. घराच्या जमिनीखाली जपून ठेवलेली. हे सगळं न भाजलेल्या मातीचं, पाण्यात विरघळलं असतं, तीन हजार वर्षं टिकलं आणि कुदळीखाली न फुटता वर आलं, ह्याचं श्रेय कुणाला द्यायचं? पगारावर घेतलेल्या गावच्या मजुरांना, ब्रश घेऊन उकिडव्या बसलेल्या विद्यार्थ्यांना, का नशिबाला?

मराठा इतिहासाचं म्युझियम मी ताईच्या फोनमुळे घाईत बघितलं, त्याबद्दल वाईट वाटतंय. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह आधी साताऱ्याला होता, १९३९ मध्ये तो इथे आला. नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दप्तरातली पत्रं त्यात आहेत, शेजवलकरांनी त्यातून निवडून नागपूरकरांसंबंधीचे दोन खंड काढले. मोडीतला एक कागद बराच वेळ बघत बसलो. एक अक्षर लागत नव्हतं. माझे पणजोबा हे वर्तमानपत्रासारखं वाचायचे. तीन पिढ्यांत आपल्याच घरातलं अक्षर आपल्याला नक्षी दिसायला लागतं, आणि मी म्हणे शिकलेला.

इरावतीबाईंचं काय लिहू, त्यांच्यावर लिहिणारे भरपूर आहेत. १९३९ पासून त्या इथे. बर्लिनला कवट्यांवर पीएचडी करून आलेली बाई, माणसांची डोकी मोजत, नातेवाईकांना काय म्हणतात ते विचारत देशभर हिंडली, सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला जाऊन पुरलेले सांगाडे काढले, आणि पुण्यात स्कूटर चालवायची तेव्हा लोक वळून बघायचे. मामा, आत्या, मेहुणा ह्या शब्दांत आख्खा समाज भरलेला असतो हे बाईंमुळे लोकांना कळलं. मला उगाच बरं वाटलं, मामा म्हणूनच तर आलो होतो.

आणि मग शेवटी ती खोली. संस्कृत कोशाची. सांगायला गेलं तर बघण्यासारखं तिथे काही नाही, ओळीनं कपाटं, त्यात खण, खणांत चिठ्ठ्या. किती? साधारण एक कोटी. कत्र्यांच्या डोक्यातून १९४८ मध्ये हे काम निघालं, संस्कृतचा असा कोश करायचा ज्यात प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे आला, मग कुठे कुठे आला, कोणत्या काळात त्याचा अर्थ कसा सरकला हे सगळं दाखल्यांसकट असेल. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले. वेद, व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, नाटकं, हत्तींवरची पुस्तकं, पाकशास्त्र, काय वाट्टेल ते. पंडितांनी एकेक ग्रंथ वाचायचा आणि एकेका शब्दासाठी एकेक चिठ्ठी लिहायची, शब्द, ते वाक्य, ग्रंथाचं नाव, जागा. हाताने. चिठ्ठ्या लिहायचं हे काम १९७३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं चाललं. अ. मा. घाटगे पहिले मुख्य संपादक, त्यांच्या हाताखाली १९७६ मध्ये पहिला भाग छापून आला.

तिथल्या एका बाईंनी खण ओढून आम्हाला चिठ्ठ्या दाखवल्या. पिवळी पडलेली कडा, निळी-काळी शाई, गोल टपोरं अक्षर, दुसऱ्या चिठ्ठीवर तिरकं घाईचं अक्षर. ज्यानं लिहिलं त्याचं नाव चिठ्ठीवर शोधलं, मला दिसलं नाही. भाचीनं विचारलं, "मग आता किती झालंय?"

"अ," बाई म्हणाल्या.

"अ म्हणजे?"

"अ चालू आहे."

पस्तीसेक भाग निघालेत, हजारो पानं, आणि गाडी अजून 'अ'वर आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, आमच्याकडे दोन आठवड्यांची स्प्रिंट असते आणि तिसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागतात कुठपर्यंत आलं. माझ्या तोंडून निघून गेलं की मग हे होणार कधी? बाई चिडल्या नाहीत, त्यांना ह्या प्रश्नाची सवय असणार. त्यांनी सांगितलं की 'अ' हे संस्कृतातलं फार पसरलेलं अक्षर आहे. कारण अ लावला की नकार होतो ना. ज्ञान-अज्ञान, शक्य-अशक्य, मर-अमर. म्हणजे जगात जे जे म्हणून आहे त्याचं 'नसणं'सुद्धा ह्याच अक्षरात येऊन बसलंय. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव. 'अ' संपला की पुढचं तुलनेनं भराभर होईल असं त्या म्हणाल्या. भाचीनं हळूच विचारलं, "आणि 'ह'?" बाई हसल्या आणि खण आत ढकलला.

आता मला हे मान्य करायला पाहिजे की पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते काही फार उदात्त नव्हतं. मनात आलं, कंप्युटर आहेत की आता. तेही चालू आहे, चिठ्ठ्या स्कॅन झाल्यात, सॉफ्टवेअर तयार झालंय. पण स्कॅनरला अर्थ लावता येत नाही, एकाच शब्दाचे वीस दाखले समोर ठेवून ह्यातला सातवा वेगळा आहे हे ओळखायला माणूसच बसवावा लागतो, आणि असा माणूस तयार व्हायलाच वीस वर्षं जातात. ज्यांनी १९४८ मध्ये चिठ्ठ्या लिहायला घेतल्या ते शेवटचा भाग बघणार नव्हते. आज जे संपादन करतायत तेही बहुतेक नाहीत. तरी सकाळी डबा घेऊन येतात, खण ओढतात, काम सुरू. आणि ह्याच कॅम्पसमध्ये आगरकर म्हणाला होता मला मोठ्या पगाराची आशा नको. मला वाटतं त्याचं पत्र इथे गावातल्यापेक्षा जास्त पोचलं.

भाषाशास्त्र विभागातही थोडा वेळ गेलो. १९५० च्या दशकात इथे रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं उन्हाळी शाळा भरल्या आणि त्यातून देशातल्या भाषाशास्त्रज्ञांची आख्खी एक पिढी घडली. ना. गो. कालेलकर, अशोक केळकर इथेच शिकवायचे. अलीकडे कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन लोकांना बोलतं करून रेकॉर्डिंग केलंय आणि ते सगळं इंटरनेटवर आहे, घरबसल्या ऐकता येतं. पोरगा, पोरगं, लेक, लेकरू, चेडू, कोण कुठे काय म्हणतं. घरी येऊन आईला ऐकवलं. शिरूरकडचा एक आवाज लागल्यावर आई एकदम सरसावून बसली, "हा आपल्याकडचा आहे," म्हणाली, "ह्याचं पुढचं लाव." त्या माणसाला ती ओळखत नव्हती. नुसता हेल ओळखला.

संध्याकाळी ताईला फोन केला. "समजावलंस का?" मी म्हटलं, "अगं, ते लहान मुलांना घरातच पुरायचे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "तुला पाठवलं तिथेच माझं चुकलं."

ॲडमिशन झाली तिची. पहिल्या हंगामाला गेल्या डिसेंबरात पाठवलं, तंबूत राहायचं, नेटवर्क टेकाडावर चढलं तरच येतं. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला, दमलेला आवाज, नाक चोंदलेलं, धुळीनं.

"मामा, आज दिवसभर खापरं धुतली. टूथब्रशनी."

"किती धुतलीस?"

"काय माहीत. तीन पोती झाली. उद्या नंबर घालायचेत एकेकावर."

"आणि सोनंबिनं?"

"मामा!" मग जरा थांबून म्हणाली, "एकावर ना बोटाचा ठसा आहे. कुंभाराचा. ओलं असताना उचललं असेल त्यानं. माझा अंगठा बरोब्बर बसला त्यात."

"मग?"

"मग काय, धुतलं आणि टोपलीत टाकलं. ठेवते, लाईट जाणारेत आता."